विषय क्रमांक ४ : रॅम वाढवणेबाबत

कॉम्प्युटर हळू चालतो, असं चारचौघांत नुसतं म्हणून बघा. समोरच्याने जन्मात कधी कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नसेल, तरी तो छातीठोकपणे सांगेल, "रॅम वाढवा." प्रोसेसर बदला असं कोणी म्हणत नाही, त्यात खर्चाचा वास येतो. विंडोज नव्याने टाका असंही कोणी म्हणत नाही, कारण मग "तुम्हीच द्या ना टाकून" हे काम गळ्यात पडण्याची भीती असते. रॅमचं तसं नाही. ती वीतभरसुद्धा लांब नसते, तिला स्क्रू लागत नाही, सोल्डरिंग लागत नाही आणि मुख्य म्हणजे तिच्यापायी काही टाकून द्यावं लागत नाही. जुनी आहे तिथे राहू द्यायची, शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवी बसवायची. जुनं न टाकता नवं आणल्याचं समाधान देणारा याहून सोज्वळ उपाय मराठी मध्यमवर्गाला सापडणं कठीण.

पुढे काय होतं, ते आमच्या सोसायटीने सामुदायिकरीत्या अनुभवलं.

सोसायटीच्या ऑफिसात एक डेस्कटॉप आहे. असेंबल्ड. २०१२ साली तो घेतला तेव्हा 'कंपनीचा की असेंबल्ड' यावर बरीच खडाजंगी झाली होती आणि 'नावाचे पैसे कशाला मोजायचे' हा पक्ष बहुमताने जिंकला होता. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमसाठी दोन स्लॉट, त्यातल्या एकात ४ जीबीची एक स्टिक. दुसरा स्लॉट तेव्हापासून रिकामा. सोसायटीत कुठेही रिकामी जागा दिसली की कोणाला ना कोणाला ती खुपतेच, आणि पार्किंगच्या जागा तर केव्हाच संपल्या होत्या.

या यंत्रावर काम करतात त्या ऑफिसच्या ताई. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, 'गच्चीवर वाळवण घालू नये' छापाच्या नोटिसा, सगळं त्याच करतात. त्यांची तक्रार एवढीच की सकाळी बटण दाबल्यापासून चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी एक्सेल उघडत नाही. प्रिंटर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाने तेव्हाच सांगितलं होतं, "काका, हार्डडिस्क जुनी आहे. एसएसडी टाका, पळायला लागेल." मुलगा बरोबर होता. टास्क मॅनेजर उघडलं असतं तर ताईंचं सगळं काम तीन जीबीच्या आत उरकतंय आणि हार्डडिस्क मात्र शंभर टक्क्यांवर धापा टाकतेय, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण तोवर कार्यकारी मंडळाच्या सभेची विषयपत्रिका निघाली होती. विषय १, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय २, टँकर. विषय ३, मांजरे. विषय ४, संगणकाची रॅम वाढवणेबाबत. एसएसडी विषयपत्रिकेवर नव्हती. ताईंना सभेला बोलावलेलं नव्हतं. ठराव सर्वानुमते मंजूर.

खरेदीची जबाबदारी खजिनदारांनी स्वतःकडे घेतली, कारण खर्च दुसऱ्याच्या हाती सोपवला की वाढतो असा त्यांचा सिद्धान्त आहे. ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपासची ही गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथे वायर, स्विच, रिमोट, स्पीकर, चार्जर आणि वस्तू ओळखूच येऊ नये असे तिचे सुटे भाग, सगळं मिळतं. फक्त आपल्याला नेमकं काय हवंय ते आपल्याला माहीत असावं लागतं. खजिनदारांकडे चिठ्ठी होती. तिच्यावर 'रॅम, ८ जीबी, १ नग' असं लिहिलेलं होतं.

"कुठली?" दुकानदाराने विचारलं.

"चांगली."

"तसं नाही. डीडीआर किती? टू, थ्री, फोर?"

"कॉम्प्युटर काळा आहे. पुढे निळा दिवा लागतो."

यात हसण्यासारखं फारसं नाही. रॅमच्या पिढ्या कोणाच्याही लक्षात राहू नयेत अशाच रचल्या आहेत. पहिल्या डीडीआरला १८४ पिना होत्या. डीडीआर-टूला २४० आणि डीडीआर-थ्रीलाही २४०च, पण मधली खाच थोडी सरकवलेली, म्हणजे एकीच्या घरात दुसरी शिरू नये. डीडीआर-फोरला २८८, डीडीआर-फाइव्हलाही २८८, पुन्हा खाच वेगळीकडे. व्होल्टेज मात्र पिढीगणिक उतरत गेलं: अडीच, १.८, दीड, १.२, १.१. ही खाच म्हणजे या सगळ्या व्यवहारातली एकमेव सज्जन गोष्ट. चूक असेल तर ती तोंडावर नाही म्हणते. बाकीच्या सगळ्या विसंगती गोड बोलून आत घेतात आणि नंतर इंगा दाखवतात.

दुकानदाराने साल विचारून डीडीआर-थ्री ठरवली. ती नवी म्हणून क्वचितच मिळते. मोठ्या ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशिनींमधल्या स्टिक्स पुसून, तपासून विकायला येतात. दोन होत्या. एकीवर १०६०० लिहिलेलं, दुसरीवर १२८००. खजिनदारांनी आकडेमोडीत आयुष्य घालवलेलं, त्यांनी क्षणात निर्णय घेतला. पैशात फार फरक नव्हता, आकड्यात २२०० चा होता. तिच्या स्टिकरवर 'थ्री'च्या पुढे एक बारीक 'एल'ही होता. तो एल अमुक व्होल्टेजसाठी असतो हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि खजिनदारांना तो 'लार्ज'चा वाटला.

बसवण्याचा मान मिळाला वीज मंडळातून निवृत्त झालेल्या इंजिनिअर काकांना. त्यांनी झाकण काढलं आणि बारा वर्षांहून जास्त साठलेली धूळ पाहून दोन पावलं मागे सरकले. पंख्यावर करड्या लोकरीचा थर, कोपऱ्यात पालीची दोन अंडी आणि २०१५ च्या सर्वसाधारण सभेची एक नोटीस, जी सभासदांना मिळालीच नाही म्हणून तेव्हा भांडण झालं होतं. ती आत कशी गेली, यावर अर्धा तास चर्चा झाली. मग सेक्रेटरींनी विचारलं, "काका, व्होल्टेजचं वगैरे काही बघायचं असतं ना? मुलगा म्हणत होता, जुनी दीड व्होल्टची आहे, नवी १.३५ ची."

"अकरा हजार व्होल्टची लाइन हाताळलीय मी," काका म्हणाले. "दीड व्होल्ट!"

खरं सांगायचं तर इथे काकांचं फारसं चुकत नव्हतं. एल लिहिलेली स्टिक १.३५ वर चालते, आणि दीड दिलं तर बहुधा दीडवरही चालते. पंचाईत उलट्या बाजूने होते: बोर्डच १.३५ चा असेल आणि त्यात दीड व्होल्टवाली खुपसली, तर ती उपाशी राहते. काकांनी स्टिक स्लॉटवर उभी धरली, खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. रॅम बसवताना मदरबोर्ड ज्या प्रकारे खाली वाकतो आणि करकरतो, ते पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. इतका जोर लावायचा असतो? हो, असतो. दोन्ही टोकांचे पांढरे खटके आपसूक उठून 'टक्' असे बसले की समजायचं झालं. एका बाजूचं टक् झालं, दुसऱ्याचं झालं नाही, पण काकांना एक टक् पुरेसं वाटलं.

बटण दाबलं. पडदा काळाच. आणि कॅबिनेटच्या पोटातून एक लांब शिट्टी आली, थांबली, पुन्हा आली. हा मदरबोर्डचा आवाज. पडद्यावर काही दाखवण्याइतकीही मेमरी हाताशी नसेल, तर तो बिचारा शिट्टीनेच सांगतो. आमच्या वॉचमनला वाटलं टेम्पो मागे येतोय. तो धावत गेटवर जाऊन "येऊ द्या, येऊ द्या" करत उभा राहिला.

मग राष्ट्रीय उपाय झाला. रॅम काढायची, खोडरबरने घासायची, फुंकर मारायची, परत लावायची. खालच्या कडेच्या त्या सोनेरी पट्ट्यांवर हवेचा, घामाचा, बोटांचा थर बसतो आणि संपर्क सुटतो. त्यामुळे हा उपाय नुसता भाबडेपणा नाही. इसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडकं हे जास्त बरं, पण सोसायटीच्या कपाटात खोडरबर होतं, तेही पेन्सिलीच्या मागचं. काका घासायला लागले तसे सेक्रेटरी अस्वस्थ झाले. "हळू हो. आतलं काही खोडलं नाही ना जाणार? सगळ्या सभासदांची थकबाकी आहे त्यात." थकबाकी हार्डडिस्कमध्ये असते, रॅममधलं वीज गेल्याबरोबर पुसलं जातं, हे कळल्यावर त्यांना धीर आला. मागच्या दोन रांगांतले एक सभासद मात्र जरा खट्टू झालेले मी पाहिले.

दुसऱ्या खेपेला दोन्ही टक् झाले, पडदा उजळला आणि विंडोजने कबूल केलं: १२ जीबी. चौसष्ट बिटचं विंडोज होतं म्हणून कबूल केलं. बत्तीस बिटचं असतं तर बारा घाला नाहीतर बत्तीस, ते साडेतीनच्या आसपासच घुटमळलं असतं. शेजारच्या सोसायटीत नेमकं ते झालं होतं आणि तिथले लोक उरलेली रॅम शोधत दुकानात गेले होते. आमच्याकडे पेढे आले. खजिनदारांनी बिल सादर केलं, त्यात रिक्षाभाडं जाता-येता दोन्ही वेळचं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बिलं छापायला घेतली आणि बी विंगपर्यंत पोचल्या न पोचल्या तोच पडदा निळा झाला. वर रडका चेहरा, खाली इंग्रजीत 'मेमरी मॅनेजमेंट'. चेअरमननी मॅनेजमेंट हा शब्द मनाला लावून घेतला. मशीन परत सुरू केलं तर तासाभराने पुन्हा निळं, पण या वेळी कारण दुसरंच: 'पेज फॉल्ट'. तिसऱ्या वेळी तर 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं काहीतरी, जे ताईंनी अक्षर अन् अक्षर वहीत उतरवून घेतलं. मेमरीच्या आजाराचं हेच लक्षण. दर वेळी नवीन सबब. एकच चूक पुन्हापुन्हा येत असेल तर प्रोग्रॅमवर संशय घ्यावा. कारणं रोज बदलत असतील तर मुळात आठवणीतच घोळ आहे असं समजावं.

आणि इथून चौकशीला तोंड फुटलं. पहिला प्रश्न अर्थातच ताईंना: "तुम्ही काय दाबलं होतं?" या देशात कॉम्प्युटरच्या कुठल्याही बिघाडाचा तपास याच प्रश्नाने सुरू होतो. ताई शांतपणे म्हणाल्या, "प्रिंट." मग संशय दुकानदाराकडे वळला. मुंबईहून बदलून आलेले एक सभासद म्हणाले, "लॅमिंग्टन रोडला घेतली असती तर हे झालं नसतं." त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर असलेल्या त्या लॉर्डसाहेबांचा पिच्छा मुंबईकराने अजून सोडलेला नाही, निदान रॅम घेताना तरी. "मग जा आणि आणा," खजिनदार म्हणाले. चर्चा तिथेच संपली. कुजबुज इंजिनिअर काकांच्या अंगठ्यांबद्दलही झाली, पण ती त्यांच्या पाठीमागे.

शेवटी प्रिंटरवाल्या मुलालाच बोलावलं. त्याने आल्या आल्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून असं करतात. काकांना वाटलं नमस्कार करतोय, म्हणून त्यांनीही केला. मग मुलाने जे केलं ते पाहून कमिटी हबकली. त्याने नवी रॅम काढली.

"अरे, वाढवायची आहे!"

"आधी काढून बघतो, काका."

मुलाची रीत साधी होती. जुनी एकटी लावायची, पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. नवी एकटी लावायची, तशीच दोन्हीकडे. प्रत्येक वेळी मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवायचा. क्रिस ब्रॅडी यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेला हा प्रोग्रॅम विंडोजला उठूसुद्धा देत नाही. तो मेमरीच्या कोपऱ्याकोपऱ्यात एक आकृती लिहितो, परत येऊन वाचतो, मग बरोब्बर उलटी लिहितो, पुन्हा वाचतो. एका चाचणीत तर लिहून ठेवतो आणि काही मिनिटं नुसता बसून राहतो, कोणी विसरतंय का ते बघत. लिहिलं एक आणि वाचलं दुसरं असं झालं की पडद्यावर लाल ओळ. हे तासन् तास चालतं, म्हणून रात्रीची जबाबदारी वॉचमनवर आली: "काही दाबू नको. लाल दिसलं तर फोन कर."

जुनी एकटी, रात्रभर: लाल नाही. नवी एकटी, रात्रभर: लाल नाही. स्लॉट बदलून: नाही. मग दोघी मिळून. मध्यरात्रीनंतर खजिनदारांचा फोन वाजला. "साहेब, लाल झालं." खजिनदार झोपेत म्हणाले, "गाडी कोणाची आहे?" मग त्यांना उलगडा झाला.

सकाळी मुलाने निकाल दिला. "दोन्ही स्टिक चांगल्या आहेत. बोर्डही चांगला आहे. एकत्र चालत नाहीत, एवढंच."

ऑफिसात शांतता पसरली. सोसायटीच्या इतिहासात प्रत्येक बिघाडाला एक फ्लॅट नंबर असतो. गळती म्हटली की वरचा मजला, वास म्हटला की खालचा, लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावरची मुलं. बिघाड आहे आणि गुन्हेगार नाही, ही गोष्ट कमिटीच्या पचनी पडेना. "पण दोघींपैकी एकीचं काहीतरी असणारच ना?" सेक्रेटरी पुन्हापुन्हा विचारत होते. "साधारण कुणाचं जास्त?" मुलगा म्हणाला, "कुणाचंच नाही." "टक्केवारीत सांग हवं तर," चेअरमन म्हणाले.

मुलाची बाजू मला पटते, आणि त्याला कारण आहे रॅम नावाच्या वस्तूचा जन्म. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ही कल्पना सुचली आणि १९६८ साली तिचं पेटंट मिळालं: एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि त्यात एक बिट. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. स्वस्त आणि चिमुकलं, पण गळकं. भार आपोआप पाझरतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. ज्या वस्तूला आपण मेमरी म्हणतो ती मुळात विसरभोळी आहे आणि सेकंदाला पंधरा-सोळा वेळा तिला तिचं तिलाच आठवून द्यावं लागतं. खजिनदारांच्या ८ जीबीच्या स्टिकमध्ये असे ६,८७० कोटींच्या वर कप्पे आहेत. त्यातला एक जरी चुकला तर ताईंचा पडदा निळा. एवढं असून ती वर्षानुवर्षं चालते, याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

त्यात वेगाचं गणित. १३३३ च्या रॅमवर एक बिट तारेत टिकतो पाऊण नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम बावीस-तेवीस सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीचं टोकही गाठत नाही. इतक्या अवधीत पाठवलेलं बरोबर वेळी उचलायचं, तर कोणी किती थांबायचं हे आधी ठरावं लागतं. त्यासाठी प्रत्येक स्टिकवर आठ पायांची एक बारीक चिप असते. डीडीआर-थ्रीच्या त्या चिपमध्ये २५६ बाइट, त्यात स्टिकची सगळी माहिती: क्षमता, वेग, व्होल्टेज, कुठल्या आठवड्यात बनली, आणि ९-९-९-२४ असे काही आकडे, म्हणजे हाक मारल्यावर किती ठोक्यांनी उत्तर देईन. सुरू होताना मदरबोर्ड दोघींच्या चिपा वाचतो आणि दोघींना झेपेल असा मध्यम मार्ग काढतो. तिथे पंगतीचा नियम लागू होतो. सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचं ताक पिऊन होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

हे ऐकून खजिनदार सावध झाले. "म्हणजे १६०० ची रॅम १३३३ ने चालतेय?"

"प्रोसेसरच १३३३ च्या पुढे जात नाही, काका. ती एकटी असती तरी १३३३."

मुलाने एक प्रोग्रॅम उघडून दाखवला. तिथे दिसलं ६६५. खजिनदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. १२८०० म्हणून आणलेली वस्तू दुकानात १६०० झाली, ऑफिसात १३३३ आणि पडद्यावर ६६५. वास्तविक कोणी काही खाल्लेलं नव्हतं. घड्याळाचा ठोका ६६५ चा, पण डीडीआर ठोक्याच्या चढतीलाही काम करते आणि उतरतीलाही, म्हणून दुप्पट. आणि १६०० ला आठ बाइटने गुणलं की १२८०० मेगाबाइट दर सेकंदाला. एकाच वस्तूचे इतके हिशेब, आणि प्रत्येक खरा! खजिनदार नंतर बराच वेळ कागदावर आकडे मांडत होते. मला वाटतं, त्यांना या धंद्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला असावा.

तरी दोघींना १३३३ झेपतं, मग एकत्र का नाही? याचं उत्तर चिपमधल्या आकड्यांत मिळत नाही. एकीवर २०१२ च्या काळातल्या चिपा, दुसरीवर नंतरच्या आणि दुप्पट क्षमतेच्या. आतल्या कप्प्यांची मांडणी वेगळी, दीड व्होल्ट एकीला सवयीचं, दुसरीला चालवून घेण्यातलं. कागदावर सगळं बसतं, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला दोघींना एका ठोक्यावर नाचवताना कुठेतरी काही पिकोसेकंद कमी पडतात. काही पिकोसेकंद! आमच्याकडे साडेसहाची सभा साडेसातला सुरू होते. म्हणून तर कंपन्या दोन स्टिक्स एकत्र तपासून, एका पाकिटात 'किट' म्हणून विकतात. एकाच मॉडेलच्या दोन स्टिक्स सहा महिन्यांच्या अंतराने घेतल्या, तरी आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात. स्टिकर तोच असतो, आतलं माणूस वेगळं.

"जमवता येईल," मुलगा म्हणाला. तो बायोसमध्ये शिरला, वेग १३३३ वरून १०६६ वर आणला, मशीन पुन्हा मेमटेस्टला बसवलं. रात्र गेली. लाल नाही. दोघी गुण्यागोविंदाने चालल्या.

हे यश कमिटीला सांगताना मुलाने एक चूक केली. त्याने खरं सांगितलं. "वेग कमी केला की चालतंय."

"म्हणजे कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून आपण रॅम आणली," चेअरमन एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आणि ती चालावी म्हणून कॉम्प्युटर हळू केला?"

"मेमरी वाढली ना पण."

"आणि लागते किती?"

"तीन जीबी," ताई म्हणाल्या. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

१०६६ आणि १३३३ मधला फरक ताईंच्या एक्सेलला जन्मात कळला नसता. पण इतिवृत्तात 'वेग कमी करण्यात आला' असं लिहायचं आणि त्याखाली सह्या करायच्या, याला एकही सूचक मिळेना. मग मुलाने तोडगा सांगितला: जुनी ४ जीबी काढा, ८ एकटी ठेवा, १३३३ ने चालेल. लागतात तीन, आहेत आठ, भांडण नाही. शुद्ध विचार केला तर हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. पण चालू वस्तू काढून ठेवायची, या कल्पनेनेच सेक्रेटरी कासावीस झाले. "बारा होती, आठ झाली," ते म्हणाले, "हे सभासदांना कसं सांगायचं? आपण वाढवायला निघालो होतो." खजिनदारांनी त्यांना समजावलं की मूळ चारच होती, म्हणजे चार वाढलीच आहे. हिशेबाची माणसं संकटात कामी येतात ती अशी.

ठराव झाला. जुनी स्टिक निघाली, नवी एकटी चालू लागली. निळा पडदा परत दिसला नाही. एक्सेल उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. ताईंनी आता चहाबरोबर पोहेही सुरू केले आहेत.

राहिला प्रश्न काढलेल्या स्टिकचा. ती सोसायटीची मालमत्ता, म्हणून डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करणं भाग होतं. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं, नग १ लिहिला आणि पुढे 'नादुरुस्त' लिहून मुलापुढे पेन धरलं. तांत्रिक माणसाची सही लागते.

मुलाने सही करायला नकार दिला. "नादुरुस्त नाहीये ती. दोन रात्री टेस्ट केलीय मी."

"मग 'चालू' लिहितो."

"लिहा."

"पण चालू आहे तर काढली का, असं ऑडिटर विचारेल."

"दुसरीशी जमत नाही म्हणून."

सेक्रेटरींनी रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. चालू, नादुरुस्त, गहाळ, भंगारात दिले. "तसा रकाना नाही यात," ते हताशपणे म्हणाले. इंजिनिअर काकांनी सुचवलं की गहाळ लिहावं आणि स्टिक त्यांच्याकडे द्यावी, त्यांच्या नातवाच्या कॉम्प्युटरमध्ये एक स्लॉट रिकामा आहे. मुलाने डोक्याला हात लावला. शेवटी ताईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं, 'चालू' वर खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'उत्तम स्थितीत. एकटी ठेवावी.' मुलाने लगेच सही केली.